नॅनो स्कूटरवाल्यांसाठी होती, मग स्कूटरवाल्यांनी ती का नाही घेतली

मार्केटिंग शिकणाऱ्या पोरांना ग्राहक समजावताना वय, उत्पन्न, शिक्षण, घरात माणसं किती असे रकाने देतात आणि हे रकाने नीट भरले की गिऱ्हाईक कळलंच असं सांगतात. मला हे कधी पूर्ण पटलं नाही. का पटलं नाही ते सांगायला टाटा नॅनोसारखं दुसरं प्रकरण नाही, कारण तिथे रकाने सगळे बरोबर भरलेले होते. गिऱ्हाईक कोण, तो आत्ता काय चालवतो, मागे किती जण बसवतो, त्याला किती परवडेल, सगळं माहीत होतं. तरी ज्याच्यासाठी गाडी केली त्याने फारशी घेतली नाही आणि ज्याच्या डोक्यात कधी नव्हती त्याने हौसेने घेतली.

सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. रतन टाटांनी पावसात एका स्कूटरवर अख्खं कुटुंब जाताना बघितलं, पुढे एक पोर उभं, मागे बायको, मध्ये दुसरं पोर, आणि यांना सुरक्षित असं काहीतरी परवडणाऱ्या किमतीत देता येईल का हा विचार तिथून सुरू झाला, असं ते स्वतः अनेकदा सांगायचे. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी दाखवली आणि एक लाखात गाडी देऊ हा दिलेला शब्द पाळला, म्हणजे डीलरला मिळणारी किंमत एक लाख, त्यावर टॅक्स आणि वाहतूक वेगळी. मागे बसवलेलं 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, चाकाला चारच्या ऐवजी तीन नट, एकच वायपर, बेस मॉडेलला एसी नाही, मागची डिकी उघडत नाही, सामान ठेवायचं तर आतून सीट वाकवून. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी रात्र रात्र बसून कमी केलेली आहे. ते काम साधं नव्हतं आणि मला त्या इंजिनियर लोकांबद्दल आजही मनापासून आदर वाटतो, कारण एवढ्या किमतीत चार माणसं बसतील अशी आणि वाहनं तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीत लिटरला 23.6 किलोमीटर देणारी गाडी तेव्हा जगात कुणी केली नव्हती.

गिऱ्हाईकाचा अंदाजही हवेतला नव्हता. 2008-09 मध्ये देशात साधारण 74 लाख दुचाकी विकल्या गेल्या आणि प्रवासी गाड्या साडेपंधरा लाखांच्या आसपास. म्हणजे दुचाकी घेणाऱ्या दर वीस माणसांतला एक जरी वर सरकला तरी पावणेचार लाख गाड्या होतात. गुजरातेतला साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढेल असा बांधला तो याच हिशोबावर. कागदावर हा हिशोब कुणीही मान्य केला असता.

मग 9 ते 25 एप्रिल 2009 या काळात बुकिंग झालं. फॉर्मचे 300 रुपये, आणि बुकिंगची रक्कम बेसला 95 हजार, मधल्या सीएक्स मॉडेलला एक लाख वीस हजार, सगळ्यात वरच्या एलएक्सला एक लाख चाळीस हजार. दोन लाख सहा हजारांच्या आसपास बुकिंग आली, पहिल्या लाखभर लोकांची निवड सोडत काढून झाली, पेपरात मोठे मोठे आकडे आले. सगळे त्या एकूण आकड्याकडे बघत होते, पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा त्याच्या खाली होता आणि तो कंपनीनेच जाहीर केला होता. बुकिंगमधले निम्मे लोक टॉपच्या एलएक्सचे होते, 30 टक्के सीएक्सचे आणि फक्त 20 टक्के बेस मॉडेलचे. म्हणजे जगातली सगळ्यात स्वस्त गाडी घ्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांपैकी पाचात चौघांना सगळ्यात स्वस्त गाडी नको होती! जी गाडी पेपरात एक लाखाची म्हणून गाजली तिच्यासाठी ते पावणेदोन लाखांच्या घरात जायला तयार होते, आणि सुमारे 70 टक्के बुकिंग कर्जावर होतं.

इथे थांबून विचार करायला हवा होता. एसी हवा असणार, पॉवर विंडो हवी असणार, हे आहेच, उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात एसीशिवाय बसून बघा. पण एवढंच नाहीये. रांगेतली माणसं तेव्हाच सांगत होती की गाडी परवडणारी हवी, पण गरीब दिसायला नको.

आता घरचं सांगतो, कारण मला हे आकड्यातून नाही, मामाकडून कळलं.

मामा एका छोट्या पतसंस्थेत क्लार्क. जुनी निळसर स्कूटर, तीच ती डावीकडे वाकवून सुरू करायची. बाहेर निघायचं म्हणजे एक विधीच असायचा, मामी आधी पर्स खांद्याला अडकवणार, मग धाकटा मामाच्या पाठीला चिकटून बसणार, मग मामी एका बाजूला पाय सोडून, आणि थोरली पुढे उभी, हँडलच्या मधोमध हात ठेवून. थोरली मोठी व्हायला लागली तशी ती पुढे मावेना, तिचं डोकं मामाच्या हनुवटीला लागायचं, मग मामा मान तिरकी करून चालवायचा. पाऊस आला की सगळे कुठल्यातरी दुकानाच्या शेडखाली उभे. म्हणजे रतन टाटांना जे कुटुंब दिसलं ते अक्षरशः माझ्या मामाचं, उत्पन्न तेच, वय तेच, पोरं दोन, शिक्षण पदवीपर्यंत. कुठल्याही सेगमेंटेशनमध्ये टाका, मामा नेमका टार्गेट.

मामाने एप्रिलमध्ये फॉर्म आणला. आठवडाभर तो फॉर्म टीव्हीच्या वर होता आणि घरात दुसरा विषय नव्हता. मग रविवारी मामीचे भाऊ आले, त्यांनी फॉर्म हातात घेतला, बघितला आणि म्हणाले, "चांगलंय की, आता स्कूटरवाल्यांना पण गाडी मिळणार." वाईट हेतूने नाही म्हणाले, खरंच नाही, त्यांना आनंदच झाला होता. पण मामाचा चेहरा मी बघितला. मामा काही बोलला नाही, चहा घेतला. फॉर्म टीव्हीवरून उचलून कपाटात गेला. थोरली तेव्हा दहावीत जाणार होती, तिने रात्री मामीला विचारलं की बाबा क्लासला सोडायला येतील ते गेटपर्यंत येतील का. तिला नको होतं ते. स्कूटरवरून गेटपर्यंत उतरायला तिला कधी लाज वाटली नव्हती, हे लक्षात घ्या. स्कूटर म्हणजे आपल्याकडे अजून गाडी नाही, बस एवढंच. पण नॅनो म्हणजे आपल्याकडे गाडी आहे, आणि ती ही आहे.

त्याच वर्षी दिवाळीआधी मामाने सेकंडहँड मारुती 800 घेतली. पांढरी, नऊ वर्षं जुनी, ड्रायव्हरच्या दाराची काच हाताने धरून वर ओढावी लागायची. किंमत नॅनोच्या बेस मॉडेलपेक्षा थोडीशीच कमी. नवी कोरी गाडी सोडून नऊ वर्षं जुनी, आणि हा निर्णय पैशाच्या भाषेत कुठल्याही बाजूने बरोबर बसत नाही, मेंटेनन्स धरला तर अजिबातच नाही. पण मामा त्या गाडीतून पहिल्यांदा लग्नाला गेला तेव्हा "गाडी घेतली का, वा" एवढंच लोकांनी विचारलं. केवढ्याला घेतली हे कुणी विचारलं नाही, कारण 800 ची किंमत कपाळावर लिहिलेली नव्हती. नॅनोची होती. गाडी रस्त्यावर यायच्या आधीपासून सगळ्या देशाला तिची किंमत पाठ होती, पोराटोरांना सुद्धा!

माझं म्हणणं इथेच आहे. वर्ग म्हणजे उत्पन्न नाही. वर्ग म्हणजे आपण कुठल्या पायरीवर आहोत आणि शेजारी आपल्याला कुठल्या पायरीवर धरतो यातलं अंतर, आणि हे अंतर ज्याला सगळ्यात जास्त टोचतं तो गरीबही नसतो आणि श्रीमंतही नसतो, तो मधला असतो, जो नुकताच एक पायरी चढलाय किंवा चढायच्या बेतात आहे. अर्थतज्ज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी 1899 मध्येच लिहून ठेवलंय की माणूस वस्तू वापरण्यासाठी घेतो तशी दाखवण्यासाठीही घेतो. पण त्यांचा रोख मुख्यतः सुखवस्तू वर्गावर होता. फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी 1979 मध्ये जे मांडलं ते मामाला जास्त लागू पडतं, की आवडनिवड ही वैयक्तिक वाटते पण ती आपल्या वर्गातून येते, आणि खालच्या मध्यमवर्गाला आपण चुकून खालचे तर दिसणार नाही ना याची धास्ती कायम असते. मामाने यातलं एक अक्षर वाचलेलं नाही, त्याला चहाच्या एका कपात सगळं कळलं.

आपल्याकडे बाजार संशोधन करणारे घराचा सामाजिक आर्थिक वर्ग ठरवतात, त्याची पद्धत 2011 मध्ये बदलली. आधी घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि व्यवसाय बघायचे, 2011 च्या पद्धतीत त्याचं शिक्षण आणि घरात अकरा ठरलेल्या वस्तूंपैकी किती आहेत ते बघायचं ठरलं. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए1 पासून ई3 पर्यंत बारा गट. पद्धत चांगली आहे, उत्पन्न विचारलं की लोक खरं सांगत नाहीत, वस्तू मात्र डोळ्याला दिसतात. पण या यादीत चारचाकी आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. नॅनो असो, 800 असो, परदेशी बनावटीची मोठी गाडी असो, खूण एकच. कागदावर मामा दोन्ही गाड्यांनी तेवढाच वर चढला असता, पण नातेवाईकांची यादी वेगळी असते आणि त्यात कुठली गाडी, कधी घेतली, नवी की जुनी, बापाने दिली की स्वतः घेतली असे पन्नास रकाने असतात जे कुठल्या सर्व्हेत येत नाहीत.

आता फक्त लाजेमुळे नॅनो पडली असं मी म्हणत नाही, ते खोटं होईल. पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला आधी कारखाना होणार होता, तिथे जमिनीवरून आंदोलन झालं, 3 ऑक्टोबर 2008 ला टाटांनी तिथून बाहेर पडत असल्याचं सांगितलं, कारखाना गुजरातेत साणंदला गेला आणि तो जून 2010 मध्ये सुरू झाला, तोवर उत्तराखंडातल्या पंतनगरच्या कारखान्यातून थोड्या थोड्या गाड्या येत होत्या. जेव्हा सगळा देश बोलत होता तेव्हा द्यायला गाडीच नव्हती. 2010 मध्ये काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या, कंपनीने मोफत सुरक्षा अपग्रेड दिलं, पण नोव्हेंबर 2010 मध्ये अख्ख्या देशात फक्त 509 गाड्या गेल्या, मग वॉरंटी चार वर्षांची केली. कर्जाचंही होतंच, ज्याच्याकडे पगाराची पक्की कागदपत्रं नाहीत त्याला बँक गाडीसाठी कर्ज देताना दहादा विचार करते आणि नॅनोचं गिऱ्हाईक नेमकं तिथलं. शिवाय दुचाकी आणि चारचाकी हे एकाच रस्त्यावरचे दोन टप्पे आहेत हे गृहीतक पण कच्चंच होतं. दुचाकी माणूस रोज कामावर एकटा नेतो, ती गल्लीत भिंतीला टेकवून लावतो आणि लिटरला पन्नासच्या आसपास चालवतो. गाडी आठवड्यातून एकदा सगळ्यांना घेऊन जायला. म्हणजे नॅनो घेतली तरी दुचाकी सुटत नाही, एक खर्च जाऊन दुसरा येत नाही, दोन्ही डोक्यावर बसतात.

पण ही सगळी कारणं मान्य करून सुद्धा एक गोष्ट उरते. आगीची बातमी जुनी झाली, साणंदचा कारखाना पूर्ण तयार, गाडी हवी तेव्हा मिळत होती, तरी 2011-12 ला साडेचौऱ्याहत्तर हजारांवर गेलेली विक्री 2013-14 मध्ये 21 हजारांच्या आसपास आली. सुरक्षिततेमुळे म्हणावं तर जानेवारी 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या धडकवून बघितल्या, त्यात नॅनोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य स्टार मिळाले. आल्टो 800 ला पण शून्यच मिळाले. आल्टो त्यानंतरही काही वर्षं वर्षाला अडीच लाखांच्या आसपास जात राहिली, तेव्हाची देशातली सगळ्यात जास्त खपणारी गाडी. शून्य दोघींना, मग फरक कशाचा? मला तरी याचं उत्तर नावाला चिकटलेल्या त्या विशेषणात दिसतं. आल्टो छोटी गाडी होती. नॅनो स्वस्त गाडी होती.

रतन टाटांनी स्वतः नंतर, 2013 मध्ये, एका मुलाखतीत कबूल केलं की ही गाडी सगळ्यात स्वस्त म्हणून ओळखली गेली, लोकांनी तर म्हटलंच पण कंपनीनेही तसंच मांडलं, आणि ते दुर्दैवी झालं. एवढ्या मोठ्या माणसाने एवढं सरळ बोलणं सोपं नसतं. ज्याला पावसात भिजणारं कुटुंब बघून वाईट वाटलं त्याच्या हेतूवर मला एक क्षणही शंका नाही. पण त्यांना ते कुटुंब गरजेत दिसलं, आणि त्या कुटुंबाला स्वतःकडे गरजू म्हणून बघितलेलं नको होतं. भिजायला चालतं, कीव चालत नाही. मध्यमवर्गात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला लागत नाही.

मग नॅनो घेतली कुणी? आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही सगळे बाईच म्हणतो त्यांना. घरी आधीपासून एक मोठी गाडी, यजमान चालवायचे, मुलगा परदेशात. बाईंनी साठीत ड्रायव्हिंग शिकलं आणि पिवळी नॅनो घेतली, मंडईत जायला, बँकेत जायला, भिशीच्या मैत्रिणींना गोळा करायला. त्या गाडीतून उतरताना त्यांच्या चालण्यात जो तोरा असतो तो बघण्यासारखा आहे, आणि किती छोट्या जागेत लावली हे त्या प्रत्येकाला सांगतात. स्वस्त आहे हेही स्वतःहून सांगतात, कौतुकाने! कारण त्यांची पायरी पक्की आहे, त्यांना कुणी नॅनोवरून मोजणार नाही. बऱ्याच नॅनो अशाच घरात गेल्या जिथे एक गाडी आधीच उभी होती. एकच वस्तू, एकच किंमत, पण ज्याच्याकडे आधीच आहे त्याला तिचा स्वस्तपणा शहाणपणा वाटतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला तोच स्वस्तपणा झोंबतो. युरोपात रेनोच्या डाचिया लोगानचं असंच झालं, 2004 मध्ये ती रोमानियासारख्या देशांसाठी स्वस्त म्हणून काढली, पण पश्चिम युरोपातल्या लोकांनीही मागितली म्हणून तिकडेही विकायला लागली. जिथे जवळपास घरटी गाडी आहे तिथे स्वस्त गाडी घेतल्याने कुणाची किंमत कमी होत नाही.

कंपनीला हे उशिरा का होईना कळलं होतं. 2014 ला पॉवर स्टीअरिंग आलं, 2015 ला उघडणारी डिकी आणि ऑटोमॅटिक गिअर आले, जाहिरातीत कुटुंबाच्या जागी कॉलेजची पोरं आली. पण पोरांचा प्रश्न तर अजून अवघड, त्या वयात वस्तू म्हणजे ओळखच, आणि जी गाडी आईबापाने नाकारली ती पोरगं स्वतःची ओळख म्हणून कशाला घेईल. त्याच वर्षी रेनोची क्विड आली, दोन लाख 57 हजारांपासून, तीही छोटी, तीही काटकसरीने केलेली, पण दिसायला छोटी एसयूव्ही आणि वरच्या मॉडेलला टचस्क्रीन. ती चालली. काटकसर आत ठेवली आणि बाहेर रुबाब ठेवला, बाकी काही जादू नव्हती. जून 2018 मध्ये नॅनो एकच बनली आणि तीन विकल्या गेल्या.

मला वाटतं की त्या काळात कुणीतरी दुचाकीवाल्यांना "गाडी किती रुपयांत परवडेल" याच्या शेजारी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, की तुम्ही गाडी घेतल्यावर ती सगळ्यात आधी कुणाला दाखवायला न्याल. मामाचं उत्तर मला माहीत आहे, मामीच्या माहेरी. मग त्या अंगणात उभी राहील अशी गाडी करायची होती. किंमत कमी ठेवायचीच, पण ती ओरडून सांगायची नाही, तो आकडा गिऱ्हाईक आणि डीलर यांच्यातच राहू द्यायचा.

मागच्या वर्षी मामाचं घर हलवताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात, रेशनकार्ड आणि स्कूटरच्या जुन्या आरसी बुकाच्या खाली, तो फॉर्म सापडला. थोरलीने उघडून बघितला. नाव, पत्ता, सगळं मामाच्या त्या सुवाच्य अक्षरात भरलेलं, खाली सही सुद्धा केलेली. मॉडेलच्या जागी आधी बेसवर खूण होती, ती खोडून एलएक्सवर केलेली.